सामन्यात घातलेली जुनी बेसबॉल जर्सी खरी आहे हे कसे ओळखावे?

पिट्सबर्गकर
नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे मी पिट्सबर्गजवळ राहतो. बेसबॉलचे वेड मला येथील शेजाऱ्यांनी लावले आणि त्यापाठोपाठ जुन्या वस्तू जमवण्याचेही लागले. आजवर तिकिटे, कार्यक्रमपत्रिका आणि दोन बॅटी यांपलीकडे माझी उडी गेली नव्हती. मागच्या शनिवारी मात्र एका दिवंगत गृहस्थांच्या घरी इस्टेट सेल, म्हणजे घरातल्या वस्तूंची विक्री, होता आणि तेथे एका लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात गुरफटलेली, आमच्या पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाची पांढऱ्या फ्लॅनेलची जर्सी मला दिसली. छातीवर संघाचे नाव आहे, पाठीवर ३७ हा क्रमांक आहे, गळ्याच्या आतील बाजूस ४४ हा आकार आणि '६५', म्हणजे १९६५ या वर्षाचा, आकडा शिवलेला आहे. तिला बाह्या नाहीत, परंतु पायरेट्स संघाने १९५७ पासून बिनबाह्यांच्या जर्सी वापरल्या असल्यामुळे ते योग्यच आहे. सौभाग्यवतींनी ती पाहताक्षणी 'ही तर बंडी आहे' असा निर्वाळा दिला.

घरची मंडळी १,८०० डॉलर मागत आहेत. आजोबा पायरेट्सच्या जुन्या मैदानावर, फोर्ब्स फील्डवर, कामाला होते, एवढेच ती सांगतात. कागद एकही नाही. पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी ती माझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. ती खरोखरच एखाद्या खेळाडूने सामन्यात घातलेली आहे, हे मी कशावरून ठरवावे?

निवांत
दुसऱ्याच्या घामाचे १,८०० डॉलर देण्याआधी माणसाने एकदा शांत बसून पाणी प्यावे, असे माझे नम्र मत आहे.

शिकागोचा_वारा
निवांत, घामाचा भाव आपल्या कल्पनेपेक्षा बराच वर गेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाच्या बेब रूथची करड्या रंगाची एक जर्सी हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात २ कोटी ४१ लाख डॉलरना गेली. आमच्या शिकागोच्या रिग्ली फील्डवर १ ऑक्टोबर १९३२ रोजी झालेल्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात ती त्याच्या अंगावर होती. पाचव्या डावात त्याने म्हणे आधी बोट दाखवले आणि मग गोलंदाज चार्ली रूटच्या चेंडूवर होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला. रूथने ती १९४० च्या सुमारास फ्लोरिडातील आपल्या गोल्फच्या सोबत्याला दिली, पुढे त्या गृहस्थांच्या मुलीने ती विकली आणि २००५ च्या लिलावात तिला ९ लाख ४० हजार डॉलर मिळाले. त्यानंतर एकोणीस वर्षांत तिची किंमत पंचवीस पटींहून अधिक वाढली. कापड तेच होते. दरम्यान बाजार फुगला हे खरेच, परंतु जुन्या छायाचित्रांशी जर्सी ताडून पाहण्याची पद्धतही पुष्कळ पुढे गेली होती.

तिसरा_पंच
त्याने बोट नेमके कोठे दाखवले, यावर अजून एकमत नाही. तो मैदानाच्या मध्यभागाकडे खूण करत होता, गोलंदाजाला काही सुनावत होता की प्रतिस्पर्धी शिकागो कब्ज संघाच्या खेळाडूंना आपला एक स्ट्राइक, म्हणजे बाद होण्याआधीची एक संधी, शिल्लक असल्याचे बजावत होता, हे चित्रफीत पाहूनही निश्चित सांगता येत नाही. म्हणजे जर्सी त्या सामन्यातील आहे याची खात्री पटवता आली, पण ज्या क्षणामुळे तिला एवढे मोल आले तो क्षण घडला की नाही हा वाद तसाच राहिला. ही गंमत लक्षात ठेवून पुढे चर्चा करावी.

हातमाग
मी एका संग्रहालयाच्या वस्त्रजतन विभागात काम करते. बेसबॉलमधले मला फारसे कळत नाही, पण लोकरीच्या कापडातले कळते. पिट्सबर्गकर, घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टीचे पैसे देऊ नका, पेटीतल्या कापडाचे द्या. त्यासाठी आधी ते कापड वाचावे लागेल.

जर्सी उलटी करा आणि पाठीवरच्या क्रमांकाच्या मागची शिवण पाहा. मग अंधाऱ्या खोलीत ती उचलून धरा आणि पाठीमागे दिवा ठेवा. फ्लॅनेलमधून सुई एकदा गेली की तिची छिद्रे धुऊनही सहसा पुरती बुजत नाहीत. आज दिसणारा आकडा पहिलाच असेल, तर छिद्रांची एकच रांग त्याच्या कडेने जाताना दिसेल. जुना आकडा उसवून नवा बसवलेला असेल, तर त्याच्या बाहेर दुसरी, मोकळी रांग दिसेल आणि जुना आकडा जेथे होता तेथील कापड आजूबाजूपेक्षा किंचित निराळ्या रंगाचे असेल.

झीज कोठे आहे तेही पाहा. वर्षभर वापरलेल्या कपड्याची झीज गळ्याच्या कडेला, काजांभोवती, काखेपाशी आणि विजारीत खोचल्या जाणाऱ्या खालच्या पट्ट्यात होते. मुद्दाम जुने भासवलेले कापड सगळीकडे सारखेच विटलेले असते, कारण खोटे करणाऱ्याला नेमके कोठे थांबावे हे कळत नाही.

अण्णा_सातारकर
हातमाग ताई, काळ्या दिव्याविषयी आपण काहीच लिहिले नाही. अतिनील प्रकाशात धागा चमकला की जर्सी खोटी, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे.

हातमाग
अण्णा, ते अर्धेच खरे आहे. कापड अधिक पांढरे दिसावे म्हणून वापरली जाणारी झळाळी देणारी रसायने दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाजारात आली, म्हणून १९२० किंवा १९३० च्या दशकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या जर्सीतला एखादा धागा निळसर पेटला तर प्रश्न जरूर विचारावा. पण १९६५ पर्यंत ती रसायने घरोघरच्या साबणाच्या पुडीत पोहोचली होती. खरी जर्सीसुद्धा पुढे कोणी घरी धुतली असेल तर ती दिव्याखाली उजळेल. त्यामुळे या बाबतीत दिव्याच्या साक्षीला मी फार वजन देणार नाही.

मधुमालती
धुण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरची कथा सांगते. यजमानांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका गौण संघाच्या गोलंदाजाने वापरलेली पॉलिएस्टरची जर्सी घेतली होती. डाव्या खांद्यावर लाल मातीचा लांबट डाग होता आणि पोटावर पाइन झाडाच्या चिकाचा डाग होता. बॅटीची पकड घट्ट राहावी म्हणून हा चीक लावतात, तो कपड्यालाही लागतोच. या दोन्ही डागांचे एक जुने छायाचित्रही यजमानांना मिळाले होते. त्याच उन्हाळ्यात सासूबाई कराडहून आल्या. मुलगा एवढा शिकला आणि घाण कपडे खुंटीला लावतो, हे त्यांना पाहवले नाही. एका दुपारी त्यांनी ती जर्सी कोमट पाण्यात भिजवली, ब्रशने घासली, उन्हात वाळवली आणि कडक इस्त्री करून घडी घालून ठेवली. यजमान संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांना काय बोलावे ते सुचेना, आणि सासूबाईंना मात्र शाबासकीची अपेक्षा होती. ती त्यांना मिळाली. आजही ती जर्सी आमच्याकडे आहे आणि तिच्याइतकी स्वच्छ वस्तू आमच्या घरात दुसरी नाही.

निवांत
मधुमालती ताई, आपल्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगावा.

शिकागोचा_वारा
हसण्याचा भाग सोडला तरी, डाग म्हणजे पुरावा असतो हे मधुमालती ताईंच्या अनुभवातून नेमके कळते. छायाचित्र ताडून पाहताना संघाचे नाव आणि क्रमांक जुळून उपयोग नसतो, कारण ते सगळ्यांचे जुळतात. त्या एकाच कपड्याचे जे व्यंग आहे ते शोधावे लागते. यँकीजच्या घरच्या जर्सीवर उभ्या रेघा असतात. कापड बेतताना कोणती रेघ कोणत्या काजाजवळून जाईल आणि अक्षर कोणत्या रेघेवर टेकेल, हे प्रत्येक जर्सीत थोडे निराळे पडते, त्यामुळे स्वच्छ छायाचित्र मिळाल्यास ती बोटाच्या ठशासारखी ओळखता येते. रूथच्या त्या जर्सीवर रेघा नव्हत्या. अशा वेळी छातीवरची अक्षरे बटणपट्टीपासून किती अंतरावर आहेत आणि कोठे तिरपी बसली आहेत, यावर सारी मदार असते. आपल्या पांढऱ्या बिनरेघी जर्सीबाबतही हेच करावे लागेल.

तिसरा_पंच
आणि छायाचित्र जुळले नाही म्हणजे जर्सी खोटी, असेही नाही. फ्लॅनेलच्या काळात खेळाडूला एका हंगामासाठी साधारणपणे घरच्या दोन आणि बाहेरगावच्या दोन जर्सी मिळत. सामान्य खेळाडूचे जवळून घेतलेले स्वच्छ छायाचित्र वर्षातून एखादे निघे, आणि तेही बहुधा हंगामापूर्वी, कोरी जर्सी घातलेले. पुरावा न मिळणे आणि विरोधी पुरावा मिळणे यांत फरक केला पाहिजे.

अण्णा_सातारकर
मला मूळ शब्दाविषयीच शंका आहे. 'सामन्यात घातलेली' म्हणजे नेमके काय?

शिकागोचा_वारा
अण्णा, बहुतेक भांडणे येथेच होतात. संघाने खेळाडूसाठी शिवून घेतलेली पण मैदानात न उतरलेली जर्सी वेगळी. कंपनीचा विक्रेता संघांना दाखवण्यासाठी घेऊन फिरत असे ती नमुन्याची जर्सी वेगळी. प्रशिक्षकांच्या आणि बॅटी उचलणाऱ्या मुलांच्या जर्सीही त्याच कापडाच्या असत, मुलांच्या आकाराने लहान एवढेच. दुकानातील प्रतिकृती या सगळ्यांहून निराळी. विक्रेते हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतात आणि किंमत मात्र सर्वांत वरच्या शब्दाची लावतात.

२००१ पासून मेजर लीगने, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीने, स्वतःची व्यवस्था उभी केली आहे. पोलिसांत काम केलेली किंवा करत असलेली माणसे सामन्याच्या वेळी हजर राहतात, वस्तू मैदानातून बाहेर येताना स्वतः पाहतात आणि तिच्यावर क्रमांकित होलोग्राम लावतात. १९६५ च्या जर्सीला त्याचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी तज्ज्ञांचे पत्रच घ्यावे लागते आणि असे पत्र म्हणजे शेवटी एका माणसाचे मत असते.

रफूवाला
तज्ज्ञांविषयी फार भाबडे राहू नये. शूलेस जो जॅक्सन या जुन्या खेळाडूची १९१९ ची म्हणून एक जर्सी कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेम या बेसबॉल संग्रहालयाकडे होती. बॅरी हॅल्पर हे न्यू जर्सीचे नामांकित संग्राहक, त्यांच्या संग्रहातून ती आली होती. त्याच संग्रहातील उरलेल्या वस्तूंचा सदबीज या लिलावसंस्थेने १९९९ मध्ये केलेला लिलाव दोन कोटी डॉलरच्या वर गेला होता, यावरून त्यांच्या नावाचे वजन लक्षात यावे. पुढे तपासणीत जॅक्सनच्या जर्सीत १९१९ साली अस्तित्वातच नसलेले साहित्य सापडले आणि ती खोटी ठरली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या बाबतीत असे घडू शकते, तर लोखंडी पेटीसमोर उभ्या असलेल्या आपल्यासारख्याने किती सावध राहावे?

पिट्सबर्गकर
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी त्या घरी पुन्हा जाऊन आलो. त्यांनी मला पाऊण तास जर्सीसोबत एकट्याला बसू दिले. हातमाग ताईंनी सांगितल्याप्रमाणे पाठीमागे दिवा धरला आणि मला घाम फुटला, त्यामुळे जर्सी चटकन बाजूला ठेवली.

३७ च्या कडेने एक रांग आहे. तिच्या बाहेर दुसरी, मोकळी रांग आहे. डावीकडचा जुना आकडा २ होता याबद्दल मला शंका नाही, कारण खालची आडवी पट्टी स्पष्ट दिसते. उजवीकडचा आकडा ३७ मधल्या ७ खाली बराच झाकला गेला आहे.

मंडळी, २१ असेल का हो?

निवांत
आता मात्र मीही पाणी पिऊन आलो. लवकर सांगा.

अण्णा_सातारकर
जे बेसबॉल पाहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो की २१ म्हणजे पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी पोर्तो रिकोच्या किनाऱ्यानजीक समुद्रात कोसळले. पिट्सबर्गमध्ये त्याचे नाव आजही हलक्या आवाजात घेतात.

हातमाग
पिट्सबर्गकर, घाई करू नका. १ हा आकडा शिवला तर छिद्रांच्या दोन सरळ, उभ्या, जवळजवळच्या रेघा पडतात. आपल्याला उजवीकडे कोठे वळण दिसले का? खालच्या भागात छिद्रे सरळ जातात की गोल फिरतात? ७ चा पाय अरुंद असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ कापड मोकळे असते, तेथे पाहता येईल.

पिट्सबर्गकर
भ्रमणध्वनीवर काढलेली चित्रे आत्ताच मोठी करून पाहिली. खाली दोन्ही बाजूंना गोल वळण आहे. १ नाही. ० असेल, ६ असेल किंवा ८ असेल. वरचा भाग ७ च्या आडव्या दांडीखाली गेल्यामुळे कळत नाही. रात्री झोप लागली नाही ते वाया गेले.

रफूवाला
२६ असेल तर तो एलरॉय फेसचा क्रमांक! इतरांनी सुरू केलेला सामना शेवटी येऊन राखणाऱ्या गोलंदाजांमध्ये त्याचे नाव फार वरचे. १९५९ च्या हंगामात त्याने १८ सामने जिंकले आणि एकच हरला. १९६५ मध्ये तो पायरेट्सकडेच होता. अशी जर्सी १,८०० डॉलरना सोडणे म्हणजे अंगणात आलेली लक्ष्मी परत पाठवण्यासारखे आहे.

तिसरा_पंच
रफूवाला, आपणच दोन दिवसांपूर्वी सावध राहा म्हणून सांगितले होते. फेस पाच फूट आठ इंच उंच आणि दीडशे पौंडांच्या थोडा वर, असा चणीने लहान माणूस होता. गळ्याच्या आत ४४ हा आकार आहे. फ्लॅनेलच्या जर्सी सैल घालत हे मान्य, पण दीडशे पौंडांच्या गोलंदाजाने ४४ घातली तर हात फिरवताना अर्धे कापड हवेत फडफडेल.

रफूवाला
तिसरा पंच, चूक मान्य आहे. दुसऱ्याची जर्सी तपासताना डोके शांत असते आणि ओळखीचा क्रमांक निघाला की ते जागेवर राहत नाही.

शिकागोचा_वारा
मला यात फसवणूक दिसत नाही. त्या काळी हंगाम संपल्यावर जर्सी फेकून देत नसत. त्या पुढच्या वर्षी वसंत ऋतूतील सरावाला वापरत आणि मग खालच्या संघांकडे पाठवत. पायरेट्सचा वरच्या श्रेणीतला उपसंघ तेव्हा ओहायोतील कोलंबसला होता आणि त्याखालीही आणखी संघ होते. उपसंघाचे नाव निराळे असेल तर छातीवरची अक्षरे उसवून नवी लावत, तेच असेल तर केवळ पाठीवरचा आकडा बदलत. जुन्या फ्लॅनेल जर्सी आज इतक्या थोड्या का उरल्या याचे उत्तर यातच आहे, कारण चिंध्या होईपर्यंत त्यांतल्या बहुतेक कोणी ना कोणी घातल्या. पुढे जुलै १९७० मध्ये पायरेट्स थ्री रिव्हर्स स्टेडियमवर गेले तेव्हा त्यांनी ताणल्या जाणाऱ्या विणीचे कृत्रिम कापड आणले आणि पाहता पाहता इतर संघांनीही फ्लॅनेल सोडले.

बाजारात मात्र आकडा बदललेल्या जर्सीला मूळ आकड्याच्या जर्सीपेक्षा बराच कमी भाव येतो. काही जण नंतरचे आकडे उसवून जुने पुन्हा बसवून घेतात. विकताना तसे उघड सांगितले तर ते चालते, लपवले तर ती लबाडी आहे.

मधुमालती
मला तर दोन माणसांनी घातलेली जर्सी अधिक आवडेल. एकाने ती मोठ्या मैदानावर घातली आणि दुसऱ्याने ती घालून मोठ्या मैदानाची वाट पाहिली.

अण्णा_सातारकर
ताई, भावना योग्य आहे, पण भाव मात्र कमीच द्यावा. थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे क्रिकेटपटूंच्या वस्तू जपणारे ब्लेड्स ऑफ ग्लोरी हे संग्रहालय पुण्यात सहकारनगरला आहे. ते पाहताना मला वाटले होते की कसोटी क्रिकेटच्या जुन्या पांढऱ्या शर्टांचा माग काढणे बेसबॉलपेक्षा कठीण असणार. कसोटीत पाठीवर नाव आणि क्रमांक आले ते २०१९ मध्ये. याउलट यँकीजनी १९२९ मध्येच फलंदाजीच्या क्रमाने आकडे दिले होते. रूथ तिसरा येई म्हणून ३ आणि त्यामागून गेहरिग येई म्हणून ४.

हातमाग
अण्णा, म्हणून तर येथे सुईच्या छिद्रांवरून इतके बोलता आले.

पिट्सबर्गकर
रविवारी निर्णय झाला. घरच्या मंडळींना मी दिव्यासमोरची चित्रे दाखवली, क्रमांक बदललेला आहे हे समजावले आणि जर्सी बहुधा खालच्या संघाकडून आली असावी हेही सांगितले. त्यांनाही ते नवे होते. शेवटी १,१०० डॉलरवर जमले. निघताना त्यांच्या कन्येने सांगितले की आजोबा दर १३ ऑक्टोबरला फोर्ब्स फील्डच्या उरलेल्या भिंतीपाशी जात. पायरेट्सनी जिंकलेल्या १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याचे समालोचन त्या दिवशी तेथे लोक जमून ऐकतात, मीही दोनदा गेलो आहे. त्या गर्दीत आम्ही शेजारी उभे राहिलो असू, हे मात्र मला कोणत्याही दिव्याने कळणार नाही.

३७ उसवण्याचा विचार नाही. ० की ६ की ८, हे शोधण्यासाठी १९६५ आणि १९६६ ची छायाचित्रे चाळणे चालू आहे. तोवर तिला कसर लागू नये म्हणून काय करावे? आई फोनवर वेखंड ठेव म्हणते.

हातमाग
अभिनंदन. प्रथम ती स्वच्छ पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आधीची कसर असल्यास मरेल. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस थांबा, नाही तर कापडावर दव धरेल. त्यानंतर आम्लविरहित कागदात आडवी ठेवा, हँगरला लावू नका, कारण लोकर स्वतःच्या वजनाने खांद्यावर ताणली जाते. काचेच्या चौकटीत उन्हासमोर तर मुळीच नको. डांबरगोळ्या आता पुरे. वेखंड मलमलच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, फक्त ते कापडाला टेकू देऊ नका.

मधुमालती
आणि घरी पाहुणे येण्याआधी पेटीला कुलूप लावा.